नर मिळाल्यास पाठवावा

माझा नवरा माश्या बघतो. मारत नाही, बघतो. लग्नाआधी मी वडिलांना सांगितलं की मुलगा माश्यांच्या खात्यात सरकारी नोकर आहे, तेव्हा ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सरकारी नोकर माश्याच मारतात. हा निदान कबूल करतो." या विनोदाचा इतक्या वर्षांत चोथा झाला, तरी पाहुणा आला की घरातलं कोणीतरी तो काढतंच, आणि नवरा दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगतो, "मारत नाही. ओळखतो."

काम असं आहे. बाहेरून फळांचे, फुलांचे, कंदांचे खोके येतात आणि गोदामात उतरतात. तपासनीस ते उघडतात. आत तिळाएवढी एखादी माशी दिसली की तिला पांढऱ्या कागदावर घेतात, शेजारी मोजपट्टी ठेवतात आणि फोटो काढून माझ्या नवऱ्याच्या फोनवर पाठवतात. त्यावरून त्याने सांगायचं, ही कोण. नको ती माशी निघाली तर सगळा माल जाळतात, म्हणून हा शब्द तोलूनमापून देतो. त्याची उत्तरं तीनच. नाव आणि पुढे 'खात्रीने'. किंवा 'फोटोवरून सांगता येत नाही'. किंवा 'ही माशी नाही', कारण लोक बियांचे, काजळीच्या कणांचे, एकदा तर स्वतःच्या पापणीच्या केसाचाही फोटो पाठवतात. सगळ्यात जास्त जातं ते दुसरं उत्तर. बारीक माशीचं घराणं पंखांतल्या शिरांवरून कळतं, पण नेमकी प्रजाती सांगायची तर पुष्कळदा नर लागतो, तोही प्रत्यक्ष, सूक्ष्मदर्शकाखाली. नराच्या शेपटाशी बारीक चिमटे असतात, त्यांच्या आकारावर सगळं ठरतं. मादी कितीही देखणी असली तरी तिथे तिचं काही चालत नाही. "म्हणजे तुमच्या खात्यातही तेच," असं मी म्हटलं होतं, तर त्याने मला अर्धा तास समजावून सांगितलं की यात भेदभाव नाही.

साहेब लोक म्हणतात, अंदाजाने काहीतरी लिहा. हा लिहीत नाही. घरीही तीच तऱ्हा. नवा कपडा घालून 'कसा दिसतो' विचारलं तर खरंच सांगतो. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर लोकांना 'काही दुखणार नाही हं' म्हणायचा मला पगार मिळतो. त्यामुळे आमच्या संसारात गोड बोलायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आणि खरं बोलायचं त्याच्याकडे. बरं चाललं होतं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईने शाळा सोडली, शिवणयंत्रावर बसली आणि या एवढ्याशा भावाला वाढवलं. पुढे तिने कपडे दुरुस्तीचं दुकान काढलं. लोकांच्या कॉलर उलटवायच्या, चेन बदलायच्या, लेंगे आखूड करायचे. तिच्याकडे कापडातले धागे मोजायची एक काच होती, पितळी चौकटीतली. हा लहानपणी फार भुणभुण करायला लागला की ती ही काच त्याच्या हातात देऊन म्हणायची, "जा, खिडकीत बस आणि काहीतरी बघ." त्याने खिडकीतली मेलेली माशी बघितली. तो जो तिथे बसला तो बसलाच. अजूनही ती काच त्याच्या ऑफिसच्या टेबलावर आहे. मोठमोठी यंत्रं आली तरी आधी तो त्या काचेतून बघतो.

त्याचं टक्कल पडलं, वजन वाढलं, पण ताई त्याला 'छोट्या' म्हणते. आणि त्याच्या कपड्यांची बटणं हे तिचंच खातं राहिलं. मी बटण लावलं की ते वाकडं बसतं. गोदामात थंडी असते म्हणून तो जाडा कोट घालून जातो, त्याची सगळी बटणं ताईने मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने लावलेली. "कोट फाटेल, बटण पडायचं नाही," असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

ताईचे यजमान गेले, मग डोळ्यांना शीण होतो म्हणून दुकान बंद केलं, आणि हात रिकामे झाले तसे खाजायला लागले. आधी आम्हाला वाटलं, कोरडी त्वचा. मग एक दिवस ती म्हणाली, "माझ्या हातातून माश्या निघतात."

अगदी शांतपणे म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

त्वचेचे डॉक्टर झाले, रक्त तपासलं, मलमं झाली. हातांवर काही नव्हतं, जे होतं ते तिने खाजवून केलेलं. घरभर जन्माचे धागे आणि कापडाचा भुसा, तो ती कोपरापासून उचलायची, काडेपेटीत जपून ठेवायची आणि दाखवायची, "ही बघा." शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं, हा आजार आहे, वेड नव्हे. गोळी रोज घेतली तर पुष्कळ लोक बरे होतात. अडचण एवढीच की ज्याला हा आजार असतो त्याला तो आजार आहे असं कधीच पटत नाही.

"गोळ्या डोक्याच्या आहेत," ताई म्हणाली. "मला माश्या झाल्यात. माश्यांचं औषध द्या, घेते."

आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, भिंतीला टेकून उभी होती. तिला दुसऱ्या शहरात हवी तशी नोकरी चालून आली होती, नकाशे काढण्याची. तिने त्यांच्याकडून मुदत मागून घेतली होती. आई निम्मी जरी सावरली तरी मी जाईन, असं तिने मला दारात सांगितलं होतं.

"आई, कोणाचं ऐकशील तू?"

"छोट्याचं," ताई म्हणाली. "त्याला माश्यांतलं कळतं आणि त्याला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला माशी नाही, तर नाही."

मग तिथेच तिच्या मेणकापडाच्या टेबलावर ठरलं. रोज सकाळी ताईने हातातून जे निघेल त्याचा फोटो मामाला पाठवायचा. मामाने नीट बघायचं, थातुरमातुर नाही. तो 'ही माशी नाही' म्हणाला की ताईने त्या दिवसाची गोळी घ्यायची.

"आणि माशी असली तर?" भाचीने विचारलं.

"तर गोळ्या गटारात," ताई म्हणाली. नवऱ्याने मान हलवली. त्याला ते रास्त वाटलं.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी त्याचा फोन वाजायचा. आणि तो खरंच बघायचा हो. फोटो मोठा करून, चष्मा कपाळावर चढवून, एखाद्या परदेशी खोक्यातली माशी असावी तसा. मी म्हणायचे, "अरे, दोरा आहे तो, आंधळ्यालाही दिसेल." तो म्हणायचा, "बघितल्याशिवाय कसं सांगणार?" मग लिहायचा, 'ही माशी नाही. सुती दोरा.' किंवा 'ही माशी नाही. खपली.' पलीकडून उत्तर यायचं, 'बरं.' आणि थोड्या वेळाने भाचीचा निरोप, 'घेतली.'

ताईचे फोटो हललेले असायचे, मागे मेणकापडाची फुलं, अर्धा अंगठा. नवऱ्याला ते सहन होईना. त्याने तिला शिकवलं. पांढरा कागद घे, खिडकीच्या उजेडात धर, शेजारी काहीतरी मोजायचं ठेव म्हणजे आकार कळतो. फोनला लावायची छोटी भिंगाची चिमटी आणून दिली. ताईचे हात मुळात कसबी. थोड्याच दिवसांत तिचे फोटो गोदामातल्या तपासनिसांपेक्षा बरे यायला लागले. तो ऑफिसात सांगायचा, "माझी बहीण तुमच्यापेक्षा चांगले काढते."

आणि गोळ्यांनी खरंच फरक पडला. हळूहळू, पण पडला. ताई बाह्या वर करून बसायला लागली. एकदा आमच्याकडे जेवायला आली तर जेवणभर हाताकडे बघितलं नाही, उलट माझ्या पडद्याची शिवण बघून म्हणाली, "हे कोणी शिवलं, मांजराने?" मी इतकी खूश झाले की मला रडू आलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता घरात काहीतरी वाढवायला द्या, मन रमेल. भाचीने मोठ्या पानांची एक कुंडी आणून खिडकीत ठेवली. ताईला ती कुंडी आवडली. ती तिला सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी घालायची. माया म्हणजे पाणी, एवढंच तिला झाडांतलं कळत होतं.

भाचीने त्या दुसऱ्या शहरात खोली बघितली. मला फोटो पाठवला, एक खिडकी, एक खाट. सगळं सुरळीत चाललं होतं आणि माशी शिंकली. आमच्या घरात आता कोणी असं म्हणत नाही.

त्या दिवशी फुलांचे खोके अडकले होते. गोदामातून फोटोंवर फोटो येत होते आणि बाहेर मालवाले ओरडत होते. ताईचा सकाळचा फोटो आला नव्हता, हे गडबडीत त्याच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी तो घरी आला, कोट खुर्चीवर टाकला आणि मी कणीक मळत होते तिथे फोन घेऊन आला. दमला होता, पण चेहरा खुललेला.

"काय सुंदर फोटो आलाय आज, बघ तरी."

पांढऱ्या कागदावर एक बारीक काळी माशी होती. मलाही सुंदर दिसली. पाय लांब, पंख काचेचे.

"हिच्या पंखात बघ, गुलेरीच्या बेचक्यासारखी शीर. एवढ्यावर घराणं पक्कं. ओल्या मातीत होते ही, निरुपद्रवी बिचारी. आणि मादी आहे, पोट बघ, अंड्यांवर आलेली. इतकं स्वच्छ फोटोत कधी दिसत नाही."

मी बघत होते ते त्याच्या बोटाशेजारी. कागदाच्या कडेला मोजपट्टी नव्हती. टेप होती. पिवळी, कापडी, कडेला उसवलेली. शिवणकामाची.

"ही टेप कोणाची?" मी विचारलं.

"कसली टेप?"

इतकी वर्षं त्या टेपने त्याच्या छातीचं, कमरेचं, पायांचं माप घेतलं होतं. तीच टेप समोर होती आणि त्याने तिच्यावरचे मिलिमीटर वाचले होते, बस. फोटो कोणी पाठवला ते फोनवर वर लिहिलेलं असतंच. पण याला नाव हवं असतं ते माशीचं, पाठवणाऱ्याचं नाही.

त्याने वर बघितलं. मग खाली स्वतःचं उत्तर वाचलं. मीही वाचलं, त्याच्या खांद्यावरून. आधी ते लांबलचक लॅटिन नाव. मग, 'खात्रीने. मादी, अंड्यांवर आलेली. मादीवरून प्रजाती सांगता येत नाही. नर मिळाल्यास पाठवावा. फोटो उत्तम.'

भर दुपारी पाठवलं होतं. खाली ताईचं उत्तर, 'बरं. बघते.'

माझे हात कणकेचे तसेच. फोन लावला, ती उचलेना. भाची अजून कामावर होती, तिला कळवलं आणि आम्ही निघालो. रिक्षात तो एकच वाक्य म्हणत होता, "अगं, मला कळलं नाही, तिचा आहे." मी बोटांची कणीक खरवडत होते. मला त्याचा राग आला होता आणि तितकीच कीवही.

दार ताईनेच उघडलं. नीट बोलली, या म्हणाली. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत दुपटं गुंडाळलं होतं आणि ते लाल झालं होतं. आत यंत्रावरचा दिवा लावलेला. त्याच्या उजेडात पांढऱ्या कागदाचे चौकोन ओळीने मांडलेले, प्रत्येकाशेजारी टेपचा एकेक तुकडा कापून ठेवलेला. चौकोनांवर काय होतं ते मी सांगणार नाही. शिवण उसवायचं तिचं टोकदार हत्यार बशीत धुऊन ठेवलं होतं. कामातली स्वच्छता तिची जन्माची.

"छोट्या, नर काही सापडत नाही रे," ती म्हणाली. "खोलवर असतील का?"

नवरा दारातच खाली बसला.

दवाखान्यात हात शिवला. मग जखम चिघळली, ताप चढला, पुन्हा उघडून साफ केली. मोठे डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत. म्हणजे सुई धरता येणार नाही, असं मी भाचीला समजावून सांगितलं, जणू तिला ते कळलं नव्हतं.

ताप उतरल्यावर नवरा कुंडी घेऊन वॉर्डात गेला. नर्सने अडवलं, त्याने हातापाया पडून परवानगी काढली. कुंडीला टिचकी मारली तशा चिखल झालेल्या मातीतून त्याच काळ्या माश्या भुरकन उडाल्या.

"बघ ताई, या इथल्या. पाणी जास्त झालं की मातीत होतात. तुझ्या हातातून नाही निघाली ती. खिडकीतून कागदावर येऊन बसली असेल."

ताईने माश्यांकडे बघितलं. "आणि कुंडीत कुठून आल्या?"

"मातीतून. विकत आणली तेव्हाच अंडी असतील."

"रोज पाणी कोण घालतं तिला? मी. कुठल्या हाताने?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीकडे.

"तू त्या दिवशी खात्रीने लिहिलंस," ताई म्हणाली.

"मला कळलं नाही गं, फोटो तुझा आहे ते. मला वाटलं, गोदामातला."

"म्हणजे माझा आहे हे कळलं असतं तर नाही म्हणाला असतास?"

"नाही, तसं नाही..."

"इतके दिवस म्हणत होतास ना, नाही, नाही. माझे होते म्हणून म्हणत होतास. ज्या दिवशी माझा आहे हे कळलं नाही, त्या दिवशी खरं बोललास."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तो समजावत राहिला. शिरा, बेचकं, माती, अंडी. जितकं खरं सांगत होता तितका खोट्यात रुतत होता. तिने डोळे मिटून घेतले. गोळ्या तिने त्या दिवसापासूनच बंद केल्या होत्या. नर्सने दिलेली गोळी ती गालात धरायची आणि नंतर उशीखाली ठेवायची. उजवा हातही खाजायला लागला होता, म्हणून त्याला रात्री मोजा बांधत होते.

डॉक्टर बाईंनी आम्हाला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. गोळी गेली नाही तर दुसऱ्या हाताचंही हेच होईल. तुमच्याशिवाय ती कोणाचं ऐकत नाही. वाद घालू नका. नुसतं म्हणा, की गोळीने खाज थांबते.

"ते म्हणालो," नवरा म्हणाला. "ती विचारते, माश्या आहेत की नाहीत, ते आधी सांग."

पुढचं डॉक्टर बाई म्हणाल्या नाहीत, मी म्हणाले.

"मग सांग ना, आहेत म्हणून. आहेत, आणि या गोळीने मरतात."

"नसलेल्या माशीला मी माशी म्हणू?"

"म्हण!" मी त्या बाकावर बसून, लोक बघत असताना ओरडले. "तुझा खरेपणा घाल चुलीत. हात गेला तिचा त्या खरेपणाने. आता एकदा खोटं बोल, तिच्यासाठी. मी जन्मभर बोलत आले, काही झिजले का?"

भाचीने त्याचा हात धरला. तिचा चेहरा त्या काही दिवसांत वयाने वाढला होता. "मामा, फक्त एकदा. तिने एकदा घ्यायला सुरुवात केली की पुढचं मी बघते."

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "बरं." ताई म्हणायची तसंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गोदामातून परस्पर वॉर्डात आला, कोट घालूनच. भाची आणि मी आधीच तिथे होतो. त्याने कोट ताईच्या खाटेशेजारच्या खुर्चीच्या पाठीला लावला आणि पाण्याची बाटली भरायला गेला. मी भाचीबरोबर खिडकीपाशी बोलत होते. ताईने उशीखालून फोन काढलेला मी बघितला. मला वाटलं, चला, आपणहून काढला, बरं झालं.

तो परत आला तशी ती म्हणाली, "छोट्या, आजचा फोटो बघायचा राहिलाय."

कितीतरी दिवसांनी तिने फोटो दाखवला होता. त्याने फोन घेतला. मी मागून डोकावले. चादरीच्या पांढऱ्यावर एक दोरा. जरासा पीळ असलेला, एका टोकाला उकललेला. मलाही दिसत होतं, मला.

त्याने चष्मा कपाळावर चढवला. फोटो मोठा केला. पुन्हा लहान केला. त्याचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत मी त्याला फोटो बघताना असं कधी बघितलं नव्हतं. त्याला जे दिसत होतं ते बाजूला सारून दुसरं काहीतरी दिसायला हवं होतं, आणि तो तेवढा वेळ घेत होता.

"माशी आहे," तो म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"हो."

"नर की मादी?"

"नर."

"खात्रीने?"

भाची पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन पुढे आली होती.

"खात्रीने," तो म्हणाला. "पण ताई, या गोळीने त्या मरतात. मी सगळीकडे चौकशी केली."

ताईने त्याच्याकडे बघितलं. दुकानात कोणी पार विरलेला शर्ट घेऊन आला की ती असंच बघायची, उजेडासमोर धरून, नाही म्हणण्याआधी.

"हा तुझ्या कोटाच्या बटणाचा दोरा आहे," ती म्हणाली. "तू पाण्याला गेलास तेव्हा मी ओढून काढला. दुहेरी, मेण लावलेला. माझ्याच हातचा. मला दोरा कळत नाही का रे?"

खुर्चीवरच्या कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"ताई, मी..."

"मी म्हटलं, एकदा बघू. जगात सगळेच माझ्याशी गोड बोलतात आता. नर्स बोलते, ही बोलते," तिने माझ्याकडे मान वळवली, रागाने नाही, "पण तुझं तसं नाही. तू दोरा म्हणाला असतास ना, तर मी म्हटलं असतं, छोट्या खरं सांगतोय, आधीचंही खरं असेल. गोळी घेतली असती. सगळ्या घेतल्या असत्या."

"आई, घे ना गं," भाची म्हणाली. तिचा आवाज फुटला. "घे ना, दोराच आहे तो. मामा, सांग ना तिला, दोरा आहे."

"दोरा आहे," नवरा म्हणाला. तो आता रडत होता, एवढा मोठा माणूस. "दोरा आहे, ताई. खात्रीने."

"आता काय," ताई म्हणाली. तिने चांगल्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, टक्कलावरून. "जाऊ दे. रडू नकोस. बटण सांभाळ, पडेल ते."

तिने गोळी घेतली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. इंजेक्शनं देऊन बघितली, त्यांनी ती नुसती झोपायची आणि उठली की मोज्याची गाठ दातांनी सोडायची. डॉक्टर बाई अजूनही म्हणतात, वेळ द्या. त्यांचंही काउंटरवरचं बोलणं मला आता ओळखू येतं. भाचीने त्या दुसऱ्या शहरातल्या लोकांना नकार कळवला. ती आईजवळ राहते, घरून मिळेल ते काम करते, आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलेलं नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

नवरा नोकरीवर जातो. फोटो येतात, तो बघतो. पूर्वीपेक्षा जास्त वेळ बघतो आणि बहुतेकांना एकच उत्तर पाठवतो, 'फोटोवरून सांगता येत नाही'. साहेब कुरकुर करतात. सकाळी चहाच्या वेळी तो फोन कपाशेजारी ठेवतो. तो वाजत नाही. मी एकदा ताईला विचारलं, "हल्ली फोटो काढत नाही का तुम्ही?" तर ती म्हणाली, "दाखवायचे कोणाला?"

ते बटण शेवटी पडलंच. मी लावलं. वाकडं बसलंय, आणि तो काही बोलला नाही.